खाल्ल्या घरचे वासे मोजायला शिकवणारे शंभर तास

जर्मनीत राहू इच्छिणाऱ्या परकीयांसाठी २००५ पासून चालवल्या जाणाऱ्या ‘इंटेग्रात्सिऑन्सकुर्स’चे, म्हणजे इथल्या समाजात सामावून घेण्यासाठीच्या अभ्यासक्रमाचे, दोन भाग असतात. पहिला सर्वसाधारणपणे ६०० तासांचा, भाषेचा. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि त्यात भर घालावी असे माझ्याजवळ काही नाही. दुसरा १०० तासांचा, राज्यव्यवस्था, इतिहास आणि समाज यांची ओळख करून देणारा. भाषेची परीक्षा एकदा हातावेगळी झाली की बहुतेक जण या दुसऱ्या भागाकडे कागदावर शिक्का मिळवण्याचा उपचार म्हणून पाहतात, आणि पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला २.२९ युरो या दराने २२९ युरो भरताना मीही तसेच पाहिले होते. कोलोनमधील एका शिकवणी संस्थेत तो पूर्ण केल्यावर मात्र हे लिहावेसे वाटले, कारण परक्या देशात राहणाऱ्याने त्या देशाविषयी कृतज्ञ असावे की त्याच्या उणिवा बोलून दाखवाव्यात, या आपल्या घराघरांत चालणाऱ्या वादाला इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे कुठेही मिळाले नव्हते.

अंतिम परीक्षेचे प्रश्न आधीच जाहीर असतात. सर्वांसाठी ३०० आणि आपण राहतो त्या राज्यासंबंधी १०, अशा संचातून ३३ प्रश्न येतात. अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रासाठी १५ आणि नागरिकत्वासाठी १७ उत्तरे बरोबर यावी लागतात. या संचातला अगदी पहिलाच प्रश्न असा आहे की जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे बोलू शकतात, ते कशामुळे? धर्मस्वातंत्र्य आहे म्हणून, लोक कर भरतात म्हणून, लोकांना मताधिकार आहे म्हणून, की मतस्वातंत्र्य आहे म्हणून? उत्तर उघडच शेवटचे आहे. तरीही आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांनी कर भरण्याच्या पर्यायावर बोट ठेवले, आणि मला वाटते की ती चूक अज्ञानाची नव्हती. परकीय माणूस मनातल्या मनात सतत हिशेब मांडत असतो: मी इतकी वर्षे काम केले, इतका कर भरला, कोणाचे फुकट खाल्ले नाही, तेव्हा आता एखादी तक्रार करण्याइतकी पत माझ्या खात्यावर जमली असावी. याउलट, युद्धातून निसटून आलेल्या एका वयस्कर सहाध्यायाने कोणताच पर्याय निवडला नाही. ज्यांनी डोक्यावर छप्पर दिले त्यांना नावे ठेवण्याचा विचारही आपण करू शकत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आपल्याकडे याला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना वर्गात कोणालाही हसू आले नाही.

आमच्या शिक्षिकेने पुढचा संपूर्ण दिवस या एका प्रश्नावर घालवला, आणि माझ्या मते २२९ युरोंपैकी निम्मे तिथेच वसूल झाले. त्यांनी १९४९ च्या राज्यघटनेतील दोन कलमे शेजारीशेजारी ठेवली. कलम ५ म्हणते की ‘प्रत्येकाला’ आपले मत मांडण्याचा अधिकार आहे. कलम ८ म्हणते की ‘सर्व जर्मनांना’ शांततेने एकत्र जमण्याचा अधिकार आहे. म्हणजे बोलण्याचा अधिकार घटनेने पाहुण्यालाही थेट दिला, तर मोर्चा काढण्याचा अधिकार त्याला घटनेच्या त्या कलमातून नव्हे, तर साध्या कायद्यातून मिळतो. मतदानाच्या बाबतीत तर युरोपीय संघाबाहेरच्या आम्हा मंडळींना नगरपालिकेच्या निवडणुकीतही स्थान नाही. हा फरक त्यांनी झाकला नाही, त्याचे समर्थनही केले नाही, आणि वर्गातील एका अभियंत्याने त्यावर कडवट प्रश्न विचारला तेव्हा ‘तुम्ही आत्ता जे करीत आहात तेच कलम ५,’ एवढेच म्हणाल्या. कुरकूर करण्याला इथे ‘मेकर्न’ म्हणतात, आणि हे क्रियापद मूळचे शेळीच्या बें बें करण्याचे आहे, ही माहितीही त्यांचीच. स्थानिक लोक गाड्यांच्या उशिरापासून हवेपर्यंत सर्वांवर मनमुराद बेंबटतात. परकीयाने तेच केले की मात्र समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते, हे त्यांनी स्वतःहून मान्य केले.

इतिहासाचा विभाग नाझी राजवट आणि देशाची फाळणी यांवर सविस्तर आहे आणि तसाच तो असायला हवा. पण परकीयांच्या स्वतःच्या इतिहासाला आमच्या पाठ्यपुस्तकात जेमतेम दोन पाने होती. त्यात आर्मांदो रॉद्रिगेस दे सा यांचे प्रसिद्ध छायाचित्र आहे: १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोन-डॉइट्झ स्थानकावर उतरलेल्या या पोर्तुगीज सुताराला दहा लाखावा ‘पाहुणा कामगार’ (परदेशातून कामासाठी बोलावलेला मजूर) म्हणून फुले आणि एक मोपेड भेट देण्यात आली. ती मोपेड आता बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. यजमानाला आवडणारे चित्र हेच असते, टोपी घातलेला, अवघडलेला आणि उपकृत पाहुणा. कोलोनमधीलच फोर्डच्या कारखान्यात ऑगस्ट १९७३ मध्ये सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे ३०० तुर्की कामगारांना काढून टाकल्यावर जो संप उसळला आणि अखेर पोलिसांच्या मदतीने मोडला गेला, त्याविषयी पुस्तकात एक ओळही नव्हती. शिक्षिकेने स्वतः झेरॉक्स करून आणलेली वर्तमानपत्रातील कात्रणे नसती, तर आम्ही मोपेडवरच थांबलो असतो. याचा अर्थ असा की अभ्यासक्रमाची गोडी फार मोठ्या प्रमाणात शिकवणाऱ्यावर अवलंबून आहे. शेजारच्या तुकडीत म्हणे शंभर तास केवळ ३१० प्रश्नांची घोकंपट्टी झाली.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. टीका करण्याचा हक्क आहे हे शिकवले जाते, पण ती कोणत्या दारी नेऊन ठेवायची हे जवळपास सांगितले जात नाही. घटनेच्या कलम १७ नुसार विनंती किंवा तक्रार घेऊन संसदेकडे लेखी अर्ज करण्याचा अधिकार प्रत्येकाला, म्हणजे परकीयालाही आहे. मताधिकार नसलेल्या माणसाला याहून उपयोगी कलम कोणते असणार? आमच्याकडे त्याला वीस मिनिटे मिळाली. एखादा अर्ज प्रत्यक्ष लिहून घेतला असता, तर भाषेचा सरावही झाला असता.

बाकी व्यवस्थेविषयी फार सांगण्यासारखे नाही: वेळापत्रक पाळले गेले, वर्गात गर्दी होती, परीक्षेला ६० मिनिटे पुरून उरतात. मात्र नाव नोंदवण्यापूर्वी शक्य असल्यास एक दिवस वर्गात बसून शिक्षक पाहून घ्यावेत, संस्थेची इमारत पाहून ठरवू नये.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे अर्ज वाटण्यात आले. हिवाळाभर आमच्या खोलीतील हीटर धड चालत नव्हता आणि आम्ही सर्वांनी कोट घालून मतस्वातंत्र्याचे धडे घेतले होते, तरी माझ्या दोन्ही बाजूंना ‘उत्तम’ या रकान्यात भराभर खुणा पडत होत्या. मीही क्षणभर थबकलो, मग हीटरचे लिहिले आणि कलम १७ चेही. ते वयस्कर गृहस्थ माझा कागद पाहत होते. त्यांनी ‘उत्तम’वरची आपली खूण तशीच ठेवली आणि खालच्या मोकळ्या जागेत काही लिहिण्यासाठी माझ्याकडे ‘हीटर’चे जर्मन स्पेलिंग विचारले.