एकच गाणं, दोन निरोप: डॉली आणि व्हिटनी

'आय विल ऑलवेज लव्ह यू' अमेरिकी गायिका डॉली पार्टननं तिचा सहगायक पोर्टर वॅगनरची साथ सोडताना लिहिलं. १९७४ मध्ये ते अमेरिकेत कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, १९८२ मध्ये पुन्हा. रॉक गायक एल्विस प्रेस्लीलाही ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरनं अर्धे हक्क मागितले आणि डॉलीनं नकार दिला. केवढी हिंमत!

व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ चं, 'द बॉडीगार्ड' सिनेमातलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत १४ आठवडे अव्वल. सुरुवातीला वाद्यं नाहीत, नुसता आवाज. शेवटाकडे क्षणभर शांतता, ड्रमचा एक ठोका आणि सूर एकदम वर! अंगावर काटा येतोच.

डॉली मात्र शेवटचं कडवं गात नाही, बोलते. उंबऱ्यात उभं राहून बोलावं तसं. व्हिटनीच्या गळ्याला मनापासून दाद, पण डोळे भरतात ते डॉलीपाशीच.