सहकारी अध्ययनाची कार्यशाळा: वर्गात करून पाहिल्यावर

सहकारी अध्ययन म्हणजे मुलांनी गटात एकमेकांकडून शिकणं. शिक्षकांसाठीची त्यावरची ही दोन दिवसांची कार्यशाळा करून मला दोन महिने झाले. मुद्दामच थांबले होते, कारण तिथे बसल्यावर सगळंच सोपं वाटतं. मी आठवीला विज्ञान शिकवते, वर्गात ४० मुलं.

पहिला दिवस मला मनापासून आवडला. प्रशिक्षकांनी आम्हालाच मुलं केलं आणि जिगसॉ नावाची गटात शिकायची पद्धत करायला लावली. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. तेव्हा तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तणाव होता. धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. माझ्या वाट्याचा परिच्छेद इतर कोणाकडेच नव्हता. मी बोलेपर्यंत बाकीचे वही उघडून माझ्याकडे बघत थांबले होते. गटकार्य म्हणजे चौघांना एकत्र बसवणं, एवढंच मी इतकी वर्षं समजत होते!

दुसरा दिवस मात्र घाईचा गेला. मूल्यमापनाला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. खरी अडचण तिथेच असते. सगळ्या गटाला सारखेच गुण दिले की एक जण राबतो, बाकीचे सही करतात. अमेरिकी शिक्षण-संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांच्या पद्धतीत चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यायची असते. आपल्याच आधीच्या सरासरीपेक्षा मूल किती पुढे गेलं, त्यावरून गटाला गुण मिळतात. एवढी मोलाची गोष्ट हस्तपुस्तिकेत चार ओळींत उरकली आहे.

मोठ्या वर्गाचाही विचार झालेला नाही. मी रक्ताभिसरणाच्या धड्याचे चार भाग केले, चौघाचौघांचे दहा गट केले. मग प्रत्येक भागाचे दहा ‘तज्ज्ञ’, म्हणजे वेगवेगळ्या गटांतली तोच भाग मिळालेली मुलं, तयारीसाठी एकत्र बसले आणि नुसता गलका झाला. दुसऱ्या वेळी त्या दहांचे पाच-पाच केले, तेव्हा कुठे जमलं. एक तासिका पुरत नाही, सलग दोन लागतात. हे तिथेच सांगितलं असतं तर माझा पहिला प्रयत्न वाया गेला नसता.

तरीही मी इतर शिक्षकांना जायला सांगते आहे. वर्षभर तोंड न उघडणारी एक मुलगी हृदयाच्या झडपा समजावत होती. दोन्ही तळहात दारासारखे एकाच बाजूला उघडून दाखवत म्हणाली, “रक्त इकडून जातं, पण परत यायला लागलं की दार आपोआप मिटतं.” तिच्या गटातल्या तिघांनी चाचणीत झडपांचा प्रश्न बरोबर सोडवला.

जाणार असाल तर मूल्यमापनाचं सत्र वाढवून मागा, हटून मागा. आणि आपल्याच शाळेतलं कुणीतरी सोबत न्या. मी एकटी गेले होते. पहिला प्रयत्न फसला त्या दिवशी शिक्षक-खोलीत बोलायला कोणी नव्हतं.