पणजीतलं एकदिवसीय कायदा-प्रशिक्षण: जेवणानंतर जागं झालं

डिचोलीत माझा काजूचा छोटा कारखाना. चौदा बायका, तीन पुरुष. मुलगी मागे लागली म्हणून गेलो. फी अडीच हजार, जेवणासकट.

सकाळी 'व्यवसायनीती'वर नुसत्या स्लाइड. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचे नफ्यातले दोन टक्के, यावर पाऊण तास! तो नियम ५ कोटी निव्वळ नफा किंवा १,००० कोटी उलाढाल असलेल्या कंपन्यांचा. समोर आम्ही काजूवाले, बेकरीवाले. कोणाला सांगत होते देव जाणे.

जेवणात बांगडा गार, सोलकढी मात्र फर्मास.

दुपारी वकीलबाईंनी माईक बाजूला ठेवला. "दहा किंवा जास्त माणसं कोणाकडे?" निम्मे हात वर. "लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती?" एकही नाही. २०१३च्या कायद्यानं ती हवीच, अध्यक्ष बाईच, निम्म्या तरी सदस्य बायका, एक बाहेरचा. नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. मी हळूच पाणी प्यायलो.

मग थकबाकी. एका हॉटेलवाल्यानं माझे पैसे चार महिने अडकवलेत. विचारलं की "पात्रांव, फाल्यां", म्हणजे शेठ, उद्या. बाई म्हणाल्या, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे नाही, करार नसेल तर १५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी आहे माझी, फ्रेम करून भिंतीवर लावलीय!

तीन तारे, तिन्ही बाईंचे. नोटिशीचा नमुना ईमेलनं पाठवणार होते, आठवडा झाला. फोन केला तर तेच, "फाल्यां".