साळ नदीवरचं कयाकिंग: बोट हलते म्हणून लगेच परत करू नका

गोव्यात कयाक भाड्याने देणारे आता पाळोळ्यापासून मोरजीपर्यंत सगळीकडे झालेत आणि बहुतेक ठिकाणी एकच प्रकार असतो, ती रुंद प्लास्टिकची सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत नाही तर वरच बसायची कयाक, अंगात लाइफ जॅकेट, हातात वल्हं आणि सुटा. अर्धा तास खाडीत फिरून फोटो काढायचे असतील तर तेवढं पुरतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दक्षिण गोव्यातल्या साळ नदीवर आम्ही ज्या कयाकवाल्यांकडे गेलो, त्यांनी बोटीत बसवायच्या आधी विचारलं की वजन किती, पोहता येतं का, असोळण्याकडे आत शांत पाण्यात जायचंय की बेतूलला नदी समुद्राला मिळते त्या मुखाकडे, आणि उत्तराप्रमाणे वेगवेगळी बोट काढून दिली. हे मी गोव्यात दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

यांच्याकडे दोन जातीच्या बोटी आहेत. एक नेहमीची सिट-ऑन-टॉप, साधारण 80 सेंटीमीटर रुंद, तळ जवळजवळ सपाट. दुसरी खरी सी कयाक, आत पाय घालून बसायची, लांबलचक आणि रुंदीला जेमतेम 56 सेंटीमीटर. पहिलीत कुणीही बसलं की म्हणतं वा, मस्त स्टेबल आहे. दुसरीत बसल्या बसल्या बोट कमरेखाली वळवळायला लागते आणि माणूस लगेच म्हणतो ही टिपी आहे, म्हणजे उलटेल, दुसरी द्या. इथेच सगळे फसतात, कारण बसल्यावर जी जाणवते ती फक्त प्रायमरी स्टॅबिलिटी, काहीजण तिला इनिशियल म्हणतात. म्हणजे बोट सरळ असताना ती थोडीशी कलवायला किती जोर लागतो एवढंच. बोट बरीच कलल्यावर ती तुम्हाला धरून ठेवते का, ती सेकंडरी, आणि ती धक्क्याजवळ दोन मिनिटं बसून कळत नाही.

कारण सोपं आहे. बोट कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो, तोच बोटीला परत सरळ करतो. तळ रुंद आणि सपाट असेल तर तो जोर पहिल्या थोड्याशा कलण्यातच लांब कडेला जातो म्हणून बोट घट्ट वाटते. आपल्याकडच्या होड्यांना बाजूला उलांडी बांधतात ती याच तत्त्वावर, लांबवर एक तरंगता ओंडका ठेवला की होडी कलायलाच तयार नसते. अरुंद कयाकला असं काही नसतं, पण तिच्या बाजू वर जाताना बाहेर पसरलेल्या असतात, त्यामुळे जितकी कलेल तितका नवीन भाग पाण्यात जाऊन टेकतो आणि एका ठरावीक कोनावर ती चक्क थांबल्यासारखी होते. सपाट बोटीचं उलट, घट्ट घट्ट घट्ट आणि मग एकदम संपलं, सूचना न देता पालथी. (कागदावर बघितलं तर शांत पाण्यात रुंद बोटीचा एकूण जोर बहुतेक वेळा जास्तच निघतो, पण तो कुठे संपणार हे तिच्यात बसलेल्याला आधी कळत नाही, फरक तिथे पडतो.)

हे सगळं तोंडी सांगून कोणाला पटत नाही आणि इथल्या शिकवणाऱ्याला ते माहीत आहे. त्याने माझ्या वहिनीला अरुंद बोटीत बसवलं, स्वतः कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि बोट हळूहळू एका बाजूला कलवत नेली. वहिनी ओरडायला लागली, तो शांतपणे "वहिनी, कंबर सैल सोडा, डोकं बोटीच्या वरच राहू द्या, पाण्याकडे बघू नका, समोर माड आहेत ते बघा." पाणी कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खळग्याच्या, कडेला लागेपर्यंत कलवली आणि तिथे हात सोडला. बोट तशीच राहिली. वहिनी पण तशीच, तोंड उघडं! मग त्याने तिला गुडघ्याने आतून कड उचलून धरायला लावली, याला एजिंग म्हणतात, आणि चालत्या बोटीत उजवी कड पाण्यात दाबली की बोट डावीकडे वळायला लागते हे करून दाखवलं. त्यानंतर लो ब्रेस, म्हणजे वल्ह्याची पाठ पाण्यावर सपाट टेकवून तेवढ्या आधारावर बोट सरळ करणं. ज्या बाईला सुरुवातीला परत जायचं होतं ती तासाभराने रुंद बोटीला नको म्हणत होती.

बेतूलच्या बाजूला गेल्यावर याचा खरा अर्थ कळतो. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी समुद्राकडे निघालेलं असतं आणि दुपारनंतर वारा समुद्राकडून आत येतो, दोघं समोरासमोर आले की मुखावर आखूड, उभ्या लाटा तयार होतात, त्यात मच्छीमार ट्रॉलर गेला की त्याच्या लाटा आडव्या येतात. सपाट तळाची बोट पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, म्हणजे लाट आडवी आली की लाटेच्या उताराइतकी बोट कलते आणि बोटीबरोबर तुम्ही. जी घट्ट प्रायमरी धक्क्यावर आवडली होती तीच आता तुम्हाला कलवते. गोल तळाची अरुंद बोट कंबर सैल ठेवली तर लाट खालून जाऊ देते. अर्थात आमच्याबरोबर त्यांचा माणूस होता आणि मुखाच्या अगदी जवळ त्यांनी नेलं नाही, ते बरोबरच केलं.

पण म्हणून सगळ्यांनी अरुंदच घ्या असं मी म्हणणार नाही. सिट-ऑन-टॉपमध्ये बसायची जागा पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा वर असते, वजन वर आलं म्हणून तिला रुंद असावंच लागतं, आणि तिचा मोठा फायदा हा की पडलात तर बोटीत पाणी भरत नाही, परत चढता येतं. आत बसायच्या कयाकमध्ये उलटल्यावर बाहेर निघायचं म्हणजे वेट एक्झिट आधी शिकून घ्यावं लागतं, ते इथे कमरेभर पाण्यात करून घेतात आणि केल्याशिवाय बोट देत नाहीत. लहान मुलं, आजीआजोबा, पोहता न येणारे यांनी सरळ रुंद बोट घ्यावी आणि आत खारफुटीकडे जावं. (आणि हो, हा सराव कुठल्याही पाण्यात करायला जाऊ नका, तिकडे कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत.)

आता ज्या गोष्टी खटकल्या. एका सी कयाकमध्ये कोणीतरी सीटखाली जाड फोम घातला होता, पाठीला आराम म्हणून असेल, पण बसायची जागा दोन-तीन सेंटीमीटर वर आली तरी एवढ्या अरुंद बोटीचा स्वभावच बदलतो, ती उगाच नाचायला लागते आणि नवीन माणूस दोष बोटीला देतो. सांगितल्यावर लगेच काढला. दुसऱ्या बोटीचं पाय टेकवायचं पेग खाऱ्या पाण्याने अडकलेलं होतं, पुढे-मागे होत नव्हतं. पाय नीट टेकले नाहीत तर मांड्या वरच्या कडेला लागत नाहीत, मग एजिंग करणार कशाने? कपडे बदलायला एकच खोली आहे, रविवारी रांग लागते.

शक्यतो सकाळी लवकर जा, वारा नसतो. आधी फोन करून सी कयाक हवी म्हणून सांगा, त्या मोजक्याच आहेत आणि विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

मालकांना एक विनंती. अमेरिकेतलं सी कयाकर मासिक निघायचं तेव्हा त्यात बोटीच्या परीक्षणाबरोबर स्टॅबिलिटीचा ग्राफ छापत, किती कललं की किती जोर, आणि तो माणसाच्या वजनाप्रमाणे वेगळा. तेवढं नको, पण प्रत्येक बोटीवर रुंदी आणि किती किलोच्या माणसासाठी ती बरी हे पेंटने लिहून टाका. माझ्या भावाला, तो चांगला नव्वदच्या वर आहे, सुरुवातीला जी बोट दिली ती त्याच्या वजनाने पाण्यात फारच खाली बसत होती आणि बदलण्यात अर्धा तास गेला. पाचपैकी साडेचार, पेग दुरुस्त केलंत की पाच.