लाल चोपडी, आठ महिने वापरून

दिवाळीच्या आधी अप्पा बळवंत चौकात मुलीच्या वह्या घ्यायला गेले होते. काउंटरवर वहीपूजनाच्या चोपड्यांची चळत लागलेली. लाल कापडी पुठ्ठा, हातभर लांबी, पांढऱ्या दोऱ्याची शिवण. दुकानदार म्हणाला, "रोजमेळ आहे ताई. कसलं दुकान तुमचं?" म्हटलं, दुकान नाही, शाळेत क्लार्क आहे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि १६० रुपये घेतले.

त्याआधी फोनवर खर्चाचं ॲप होतं. बँकेचे मेसेज वाचून ते आपलं आपण हिशोब मांडायचं. माझ्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकले तरी तो खर्च धरायचं, आणि सोसायटीचा मेंटेनन्स ‘शॉपिंग’मध्ये जायचा. महिनाअखेरीला रंगीत गोल यायचा. मी तो बघायचे आणि फोन चार्जिंगला लावायचे.

चोपडीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्च. वर कालची शिल्लक, खाली आजची. सासूबाईंनी पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढून दिलं, त्यामुळे मधेच सोडायचीही चोरी. रात्री जेवणं झाली की पर्समधले पैसे मोजायचे आणि वहीतल्या शिल्लकेशी ताडून पाहायचे. रोज मेळ घालायचा म्हणून रोजमेळ, हे नाव इतकं सरळ आहे हे मला या वयात कळलं. एकदा ३० रुपये लागेनात. अख्खी पर्स उपडी केली. नवरा म्हणाला, "तीस रुपयांसाठी एवढा वेळ लाइट जाळतेयस." शेवटी आठवलं, भाजीवाल्याकडे सुटे नव्हते म्हणून त्याने लिंबं दिली होती.

फोनवरून दिलेले पैसे मी लाल पेनने लिहिते. पहिल्या महिन्याचं पान कुणा मास्तरने तपासल्यासारखं दिसत होतं. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवर २३ वेळा ऑर्डर. त्यातली एक नोंद अशी: कोथिंबीर २२, डिलिव्हरी ३०. खाली मंडई आहे हो आमच्या! स्वतःच्या अक्षरात ते लिहिताना जी लाज वाटली, ती त्या रंगीत गोलाने कधी वाटली नव्हती. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा, आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा कप्पा असतो, तोही याच निमित्ताने उघडला. मुलीने कधीतरी घेतलेलं गाण्याचं ॲप दर महिन्याला ९९ रुपये नेत होतं. बंद केलं.

खरी वसुली मे महिन्यात झाली. चारही खात्यांची पासबुकं घेऊन बसले, तर दोन खात्यांतून ४३६ रुपये गेलेले. जीवनज्योती या सरकारी आयुर्विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. दोन लाखांचं कवच एका माणसाला एकाच खात्यावर मिळतं, दोनदा हप्ता भरला म्हणून चार लाख होत नाहीत. दुसऱ्या बँकेत खातं उघडताना समोर आलेल्या फॉर्मवर मी सही ठोकली होती, काउंटरवरच्या माणसाने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागचं पासबुक चाळलं, तर दोन वर्षं हेच चाललेलं. त्या आठवड्यात दोन खाती बंद केली. आता एकात पगार येतो, आणि २ तारखेला घरखर्चाची ठरलेली रक्कम दुसऱ्यात जाते. महिनाभर हात फक्त त्या दुसऱ्यालाच लावायचा.

आता तक्रारी. चोपडी आमच्या एकाही ड्रॉवरमध्ये मावत नाही, फ्रिजवर ठेवावी लागते. पानांना क्रमांक नाहीत, ते मी घातले. बेरजेला कॅल्क्युलेटर लागतोच. आणि ज्यांना रात्री दहा मिनिटंही बसवत नाही, त्यांनी ही घेऊ नये. चार दिवस तुंबलं की आठवून लिहिण्यात काही अर्थ उरत नाही. मी लग्नाला नगरला गेले तेव्हाचं एक पान तसंच कोरं आहे, वर फक्त ‘अंदाजे’ लिहिलंय.

पाचपैकी चार. कागदासाठी एक कापला, कारण जेल पेनची शाई मागच्या पानावर उमटते. दुकानात घेताना एका कोपऱ्यात रेघ ओढून पान उलटून बघा. त्यांना चालतं, मी नंतर विचारलं.