मर्ल हॅगार्डची 'आय लव्ह डिक्सी ब्लूज' एलपी : बरेच महिने ऐकल्यावर

कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) म्हणजे टोपी, घोडा, ट्रक आणि बायको सोडून गेल्याचं रडगाणं एवढंच डोक्यात असेल तर कंट्री गायक मर्ल हॅगार्डची ही रेकॉर्ड आधी ऐका. १९७३ ची, कॅपिटॉल कंपनीची, न्यू ऑर्लिन्सला लाइव्ह रेकॉर्ड केलेली. हॅगार्डचा नेहमीचा बँड द स्ट्रेंजर्स आहेच, पण सोबत डिक्सीलँड एक्स्प्रेस म्हणून जुन्या जॅझचा वाजंत्री ताफा घेतलाय आणि तो नुसता शोभेला नाही, मधेमधे सरळ गाणं ताब्यात घेतो.

मी जुनीच कॉपी घेतली, इथे कॅलिफोर्नियात. विकणाऱ्याने 'व्हेरी गुड प्लस' (जुन्या रेकॉर्डचा बऱ्यापैकी वरचा दर्जा) म्हणून दिली, प्रत्यक्षात कडकड भरपूर. दोनदा नीट धुतली, आतलं कागदी कव्हर बदललं, बराच फरक पडला. तरी दोन गाण्यांच्या मधे आवाज येतोच, पण लाइव्ह असल्याने टाळ्यांमधे बराचसा खपून जातो हे नशीब.

पहिले काही आठवडे मी फक्त 'बिग बॅड बिल'साठी लावायचो, कारण ते लगेच पकडतं. १९२४ चं गाणं, गावातला दादा लग्न झाल्यावर भांडी घासायला लागतो अशी गंमत. बाबा इकडे आले होते तेव्हा क्लॅरिनेट ऐकून म्हणाले, अरे हा तर आपला वरातीतला बँडवाला! आणि खरंच तोच थाट आहे, सगळे एकदम आपापलं वाजवतात तरी गोंधळ होत नाही. आता मात्र माझा कान स्टील गिटारकडे (आडवी ठेवून तारांवर धातूचा तुकडा सरकवत वाजवतात ती) जातो. बँडमधला नॉर्म हॅमलेट तिच्यावर स्वर घसरवतो, ट्रोम्बोनही तसाच घसरतो, आणि हेडफोनवर ऐकताना एखाद्या जागी हा कोण आणि तो कोण कळतच नाही, भारी वाटतं.

यात खरी भानगड एमेट मिलरची आहे. ही रेकॉर्ड त्यालाच वाहिलेली. जॉर्जियातल्या मेकनचा गायक, १९२८-२९ मधे ओके लेबलसाठी गायला, मागे डॉर्सी बंधू, एडी लँग असले जॅझवाले. एकाच शब्दात आवाज फोडून वर न्यायचा (यॉडल म्हटलं की आपल्याला किशोरकुमार आठवतो, हे त्याच्याच लांबच्या नात्यातलं). 'लव्हसिक ब्लूज' कंट्री गायक हँक विल्यम्सचं म्हणून सगळ्यांना माहीत, १९४९ चं, पण मिलरने ते त्याच्या कितीतरी आधी गायलं होतं. फक्त हा मिलर गोरा होता आणि तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची नक्कल करत स्टेजवर गायचा. हे कळल्यावर ऐकताना थोडं खटकतंच, खटकायलाच पाहिजे, पण कंट्रीत ब्लूज (काळ्या अमेरिकनांची दुःखाची गाणी) कुठून कुठून आला ते बघायचं तर हा माणूस वगळता येत नाही. तसं १९३० मधे कंट्रीचा जुना गायक जिमी रॉजर्सच्या 'ब्लू यॉडल नंबर ९' मधे खुद्द जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवतोय, म्हणजे ही सरमिसळ हॅगार्डने शोधलेली नाही, त्याने ती फक्त परत उघड्यावर आणली, तीही 'एव्हरीबडीज हॅड द ब्लूज' सारखं नंबर एकला गेलेलं स्वतःचं गाणं सोबत ठेवून.

तक्रार एकच. 'कॅरोलिन' वगैरे त्याची आधीची हिट गाणी इथे आली की गाडी जरा नेहमीच्या रुळावर जाते, ब्रास (ट्रम्पेट, ट्रोम्बोन वगैरे) नुसता रंग भरत बसतो. वाईट नाहीत, पण मी बऱ्याचदा सुई उचलून पुढे नेतो.

नुसतं स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तरी चालेल, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको, सगळे वाजवणारे एकमेकांच्या अंगावर येतात. मी आता हॅगार्डची १९७० ची रेकॉर्ड शोधतोय, जुना फिडलवाला बॉब विल्स याला वाहिलेली, तिच्यासाठी गडी मुद्दाम फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवायला शिकला होता. कोणाकडे जास्तीची कॉपी असेल तर कळवा, कव्हर फाटकं असलं तरी चालेल.