इस्तंबूलची रोजची फेरीबोट, एका एसटीवाल्याच्या नजरेतून

इस्तंबूलला जाणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये बॉस्फरस सामुद्रधुनीतली क्रूझ असतेच, आमच्याही होती. खासगी बोट, खिडक्या बंद, स्पीकरवर कानठळ्या बसवणारी गाणी, आणि निवेदक माइक सोडायला तयार नाही. बाहेरून राजवाडे सरकत होते आणि आम्ही काचेवरचे डाग बघत होतो. म्हणून मोकळा दिवस मिळाल्यावर मी आणि ही, दोघंच एमिनोन्यूच्या धक्क्यावर गेलो आणि तिथली माणसं कामाला जाताना जी बोट पकडतात, तीच पकडली. सरळ सांगतो, त्या शहरात पैसे वसूल करणारी याहून चांगली गोष्ट मला दिसली नाही.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, चिपळूण आगारातून निवृत्त झालो. त्यामुळे कुठेही गेलो तरी गाडी वेळेवर सुटते का आणि चढ-उतार कशी होते, इकडे आधी लक्ष जातं. 'शेहिर हातलारी' ही बोटसेवा महापालिकेची आहे. एमिनोन्यू युरोपात, कादिकोय आशियात, आणि मधला प्रवास वीसेक मिनिटांचा. धक्क्यावरच्या मशीनमधून इस्तंबूलकार्ड घ्यायचं, पैसे भरायचे आणि फाटकावर टेकवायचं. मेट्रो, ट्राम, बस सगळ्याला तेच कार्ड. तिथे महागाईमुळे भाडी सारखी वाढतात, म्हणून आकडा देत नाही. पण क्रूझच्या तिकिटापुढे ही रक्कम किरकोळ आहे. एमिनोन्यूला 'बॉस्फरस, बॉस्फरस' ओरडत दलाल मागे लागतात. थांबू नका, सरळ कादिकोयची पाटी शोधा.

चढताना उजवीकडची, बाहेरच्या बाकावरची जागा धरा. बोट सुटली की सरायबुर्नूचं टोक आणि झाडीतून डोकावणारा तोपकापी राजवाडा त्याच बाजूला येतो. डावीकडे लांबवर आशियातल्या उस्कुदारचा किनारा आणि पाण्यात एकटा उभा कझ कुलेसी मनोरा. सीगल बोटीबरोबर उडतात, लोक सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे तुकडे हवेत धरतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. एवढ्यात चहावाला ट्रे घेऊन येतो. कमरेत निमुळता काचेचा पेला, कोरा चहा, बशीत साखरेचे दोन खडे. दूध नाही म्हणून ही आधी नाराज होती, मग तिनेच दुसरा मागवला.

कादिकोयला बोट लागते, ते मात्र उभं राहून बघा. बॉस्फरसमध्ये वरचं पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे वाहतं आणि खाली खोलात खारट पाणी उलट दिशेने जातं. अशा ओढीच्या पाण्यातून येऊन कप्तान एवढी मोठी बोट धक्क्याला कडेने अलगद टेकवतो. खलाशी मनगटाएवढ्या दोराचा फास लोखंडी खुंटावर टाकतो, दोर ताणून करकरतो, की लगेच फळ्या सरकवतात आणि माणसं उतरायला लागतात. चढणारे तोवर दाराआड थांबलेले असतात. उतरणाऱ्यांची वाट वेगळी, त्यामुळे समोरासमोर गर्दी भिडतच नाही. "अहो, घाई सगळ्यांना आहे, पण धक्का कुणी मारत नाही," ही म्हणाली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे बघण्यात माझी नोकरी गेली. त्या धक्क्यावरची शिस्त बघून मला मनापासून बरं वाटलं. आणि भारमान, म्हणजे किती जागा भरतात ते म्हणाल तर दुपारच्या फेरीलाही बाक भरलेले!

लांबचा फेरा हवा असेल तर याच सेवेची एमिनोन्यूहून अनादोलू कावाअला जाणारी बोट आहे. त्या वाटेवर रुमेली हिसारी लागतो. हा किल्ला 1452 मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदने बांधून घेतला, तोही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद आहे तिथे, जेमतेम 700 मीटरवर. 1973 चा पहिला पूल डोक्यावरून जातो तेव्हा सगळे माना वर करतात. शेवटच्या गावात मासे खायचे आणि चढवत असेल तर टेकडीवरच्या योरोस किल्ल्यावर जायचं. तिथून काळा समुद्र दिसतो. अर्धा दिवस सहज जातो.

उणं म्हणाल तर आहे. वरच्या डेकचा जिना उभा आहे. हिच्या गुडघ्यांना तो झेपेना, म्हणून आम्ही परतताना खालीच बसलो. खालच्या बाहेरच्या बाकांवरूनही दिसतं छान, पण ते आधी भरतात. सूचना तुर्कीत होतात, धक्क्याचं नाव पाटीवर वाचून घ्यावं. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी बसायला मिळेलच असं नाही. तरी परतीची बोट सूर्य मावळताना घ्या आणि डावीकडे राहा, जुन्या शहराचे घुमट आणि मिनार त्याच बाजूला येतात.

एक गोष्ट निघण्याआधी बघून घ्या. दक्षिणेकडून लोदोस नावाचा वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. त्या दिवशी उस्कुदारहून मार्मराय धरा, 2013 पासून समुद्राखालून धावणारी ही रेल्वे चारेक मिनिटांत एमिनोन्यूजवळच्या सिरकेजीला उतरवते. खिडकीतून काही दिसत नाही, पण विमान चुकत नाही.